महापेच्या वितरकाकडून डीएनए स्टेपल आणि सोन्याचे नॅनोकण: माझा अनुभव

वाशीतल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये मी प्रोजेक्ट असिस्टंट आहे. डीएनए ओरिगामीवर, म्हणजे डीएनएच्या धाग्याची घडी घालून केलेल्या अतिसूक्ष्म आकारांवर, सोन्याचे कण बसवायचे, हे माझं काम. मार्चमध्ये जवळजवळ सगळं सामान महापे एमआयडीसीतल्या एका वितरकाकडून घेतलं. अशा खरेदीबद्दल मराठीत काही वाचायला मिळत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पॉल रोथेमुंड यांनी 2006 साली दाखवलेलीच पद्धत आम्ही वापरतो. एम13 विषाणूचा 7249 बेसचा एकपदरी लांब धागा आणि त्याला ठिकठिकाणी टाचून घडी घालणारे दोनशेच्या वर छोटे धागे, म्हणजे स्टेपल. मॅग्नेशियमच्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) तापवून सावकाश थंड केलं की घडी आपोआप पडते.

स्टेपलबद्दल तक्रारीला जागाच नाही. फोनवरच्या मुलाने आधी विचारलं, "मॅडम, प्लेट कोरडी हवी की विरघळवून?" कोरडी घेतली तर प्लेटांमधल्या दोनशे वेलमध्ये, म्हणजे धागे ठेवलेल्या छोट्या खड्ड्यांमध्ये, पाणी घालण्यात दिवस जातो, आणि झाकण काढताना पावडर उडते ती वेगळीच. मग त्यानेच सुचवलं, सोन्यावर चढवायचे थायॉलवाले (टोकाला सोन्याला घट्ट चिकटणारा गंधकाचा गट असलेले) धागे वेगळ्या ट्यूबमध्ये घ्या. हे सांगायला तो बांधील नव्हता. तिन्ही प्लेट वेळेवर आल्या आणि घडी नीट पडली का हे तपासायच्या पहिल्याच जेलवर स्वच्छ पट्टा दिसला.

सोन्याचं मात्र बिनसलं. 40 नॅनोमीटरच्या कणांची बाटली प्लेटांबरोबरच ड्राय आइसच्या खोक्यात भरली होती. उघडली तेव्हा आत गोठलेला गोळा, आणि वितळल्यावर लालबुंद रंगाऐवजी राखाडी पाणी आणि तळाशी काळा गाळ. वरच्या सायट्रेटच्या थराच्या ऋण भारामुळे हे कण एकमेकांपासून लांब राहतात. पाण्याचा बर्फ होताना ते उरलेल्या फटींत दाटतात, चिकटतात आणि पुन्हा कधीच सुटत नाहीत. कितीही हलवा, बाटली गेली ती गेलीच. उघडं सोनं थेट ओरिगामीच्या मॅग्नेशियमवाल्या बफरमध्ये टाकलं तरी हेच होतं. म्हणून आधी थायॉल-डीएनएचा थर चढवायचा आणि मीठ थोडं थोडं वाढवत न्यायचं.

जीव चुटपुटला तो यासाठी, की कणांची हीच जवळीक आम्हाला हवी असते, फक्त मोजून मापून. दोन कणांमध्ये पाच नॅनोमीटरपेक्षा कमी फट राहिली की प्रकाशाचं क्षेत्र त्या फटीत एकवटतं आणि तिथे बसलेल्या रेणूचा रामन सिग्नल, म्हणजे त्याने विखुरलेल्या प्रकाशातली त्याची ओळखखूण, कित्येक पटींनी वाढतो. 2014 साली केंब्रिजच्या गटाने ओरिगामीवर 40 नॅनोमीटरच्याच कणांच्या जोड्या बसवून ते दाखवलं. सोनं एकमेकांना चिकटू न देता इतकं जवळ आणणं हीच सगळी कसरत, आणि आमचं सोनं रस्त्यातच एकमेकांना चिकटून बसलं!

फोटो पाठवला तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. तिसऱ्या दिवशी एक माणूस बाइकवरून नवी बाटली घेऊन आला, नुसत्या बबल रॅपमध्ये, पैसे न घेता. खिडकीपाशी धरून रंग पाहिला आणि मगच सही केली. तुम्हीही तसंच करा. पण रामन यंत्र दुसऱ्या संस्थेचं आहे, आम्हाला फक्त गुरुवारी मिळतं. तो गुरुवार बुडाला, त्याची भरपाई कोणी करू शकत नाही.

पुढच्या गुरुवारी एकट्या कणाच्या नमुन्यात डायच्या (खुणेसाठी बसवलेल्या रंगाच्या रेणूच्या) रामन रेषा जेमतेम दिसल्या. जोडीच्या नमुन्यात त्या सरळ वर आल्या. मी तीनदा मोजलं, तीनदा तेच.

पाचपैकी चार. स्टेपल पुन्हा तिथूनच घेणार. ऑर्डरवर "सोनं बर्फाशिवाय, गोठवू नये" असं लिहूनच द्या. मी तर आता बाटली स्वतः जाऊन आणते. महापेहून रिक्षाने, मांडीवर धरून.