हेड स्टड आणि उद्यमनगरातलं फेसिंग: 9,000 किलोमीटरनंतर

माझी ऑक्टाव्हिया आरएस 2005 ची. 1.8 टर्बो, ब्लॉक (सिलेंडर असलेला इंजिनाचा खालचा भाग) बिडाचा, हेड (त्यावरचं झाकण) अॅल्युमिनियमचं. कंपनीतून 150 बीएचपी, पण रिमॅप करून, म्हणजे इंजिनाचा प्रोग्रॅम बदलून, बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) 1 बारपर्यंत नेलेला. गेल्या पावसाळ्यात अंबा घाट चढताना टेंपरेचरचा काटा लालमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे थंड गाडीतही रेडिएटरचा वरचा पाईप दगडासारखा कडक, आणि स्टार्ट केल्यावर कूलंटच्या टाकीत बुडबुडे. हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेडच्या मधलं सील, गेलं होतं.

दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजनं हेच काम करताना जुनेच हेड बोल्ट परत लावले होते. उघडल्यावर नव्या बोल्टशेजारी धरले, तर ते लांबलेले दिसले. हे बोल्ट एकदाच ताण घेतात. बूस्ट वाढला की सिलेंडरमधला दाब हेड वर ढकलतो, आणि ढिली पकड तिथंच हार मानते.

म्हणून एआरपी कंपनीचे स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेल्या सळया) मागवले. ड्युटी, कुरिअर धरून 26,000 रुपये. बोल्ट आवळताना त्याला पीळही बसतो आणि ताणही. स्टड ब्लॉकमध्ये हातानंच बसतो, फिरतो फक्त वरचा नट, त्यामुळे दहाही ठिकाणी पकड सारखी मिळते. सोबतचं वंगण नटाला आणि वॉशरला लावायलाच हवं. साधं ऑइल लावलं तर टॉर्क रेंचचा आकडा तोच दिसतो, पकड वेगळी येते.

पण माझं इंजिन उभं राहिलं ते कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका छोट्या मशीन शॉपमुळे. मिस्त्रींनी स्टडच्या डब्याकडे बघितलंसुद्धा नाही. आधी हेडवर पट्टी ठेवली आणि फट मोजायची पातळ पात, फिलर गेज, खालून सरकवली. 0.1 मिलिमीटर चालतं, माझं हेड त्याच्या दुप्पट वाकलेलं. “दादा, झाकणच वाकडं असलं तर स्टड काय करंल?”

ब्लॉकवर त्यांनी एमरीची डिस्क मारू दिली नाही. तिची बारीक पूड ऑइलमध्ये जाऊन बेअरिंग खाते. ब्लेडनं अर्धा दिवस खरवडत बसले. मग दहाही भोकांतून हवा मारली आणि प्रत्येकात टॉर्च धरून बघितलं. तळाशी तेल-पाणी राहिलं तर स्टड घालताना दाब साठून ब्लॉकला तडा जाऊ शकतो. स्टीलच्या थरांचं गॅस्केट घालायचं म्हणून फेसिंगचा, म्हणजे हेड मशीनवर सपाट करण्याचा, शेवटचा हात अगदी सावकाश घेतला. असलं गॅस्केट रेघांच्या पृष्ठभागावर सील होत नाही. याचे त्यांनी 2,200 रुपये घेतले, आणि मला ते कमी वाटले.

तक्रार एकच. चार दिवस सांगून अकरा लावले, आणि फोन कुणी उचलत नाही. गाडीवर पोट असलेल्यांनी हे धरूनच जावं.

स्टड घेणाऱ्यांना कळकळीनं सांगतो, आधी नॉकिंगचा (इंधन आपोआप पेटून बसणाऱ्या ठोक्यांचा) लॉग काढा. स्फोट वेळेआधी होत असेल तर गॅस्केट तगलं तरी तो मार पिस्टनवर बसतो. मी बूस्ट 0.8 वर आणला, ठिणगीचं टायमिंग थोडं मागं घेतलं, आणि बिननावाचा वॉटर पंपही बदलला. त्याचा प्लॅस्टिकचा पंखा तुटलेला होता. घाटात गाडी तापली ती त्यामुळेच.

तेव्हापासून अंबा घाट सहा वेळा चढलो. पहाटे बोनेट उघडून पाईप दाबायची सवय मात्र अजून गेलेली नाही. मऊ लागतो.