प्रोसेसरमधले वरचे सप्तक: लग्नसराईपासून श्रावणापर्यंतचा अनुभव

गेल्या लग्नसराईच्या तोंडावर मी मध्यम किमतीचा एक डिजिटल गिटार प्रोसेसर (गिटारच्या आवाजावर निरनिराळे परिणाम चढवणारे यंत्र) घेतला, तो मुख्यतः एकाच कामासाठी. जळगाव, अमळनेर, शिरपूर या पट्ट्यात आमचा ऑर्केस्ट्रा चालतो. अहिराणी गाण्यांच्या मधल्या तुकड्यांना बेंजोचा किंवा मेंडोलिनचा चढा सूर लागतो आणि तो वाजवणारा कलाकार प्रत्येक कार्यक्रमाला मिळतोच असे नाही. गिटारच्या सुरात त्याचेच वरचे सप्तक मिसळले तर ती जागा भरून निघेल, असा हिशेब होता. लग्नांचे कार्यक्रम, पावसाळ्यातल्या तालमी आणि श्रावणात खानदेशात होणाऱ्या कानबाई देवीच्या उत्सवातली गाणी एवढ्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे, की हा परिणाम नैसर्गिक वाटतो की नाही, हे यंत्राच्या किमतीपेक्षा आपण त्याला कोणता आवाज पुरवतो आणि त्याच्याकडून किती घेतो, यावर जास्त ठरते. प्रोसेसरचे नाव मुद्दाम देत नाही. पुढचे बहुतेक मुद्दे या वर्गातल्या कोणत्याही यंत्राला लागू पडावेत.

यंत्रात आधीच भरून आलेला ऑक्टेव्हचा, म्हणजे वरच्या सप्तकाचा, पॅच (तयार जुळणी) ऐकला तेव्हा जत्रेतल्या खेळण्याच्या बाजासारखा सूर निघाला. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ए तार ११० हर्ट्झवर वाजते आणि आपल्याला २२० हवे असतात, इथपर्यंत ठीक. परंतु यंत्र केवळ सूर दुप्पट करत नाही, तर पिकचा (तार छेडायच्या पट्टीचा) आघात, तारेवरून बोट सरकल्याची घसट आणि गिटारच्या लाकडाचा स्वतःचा रंग हे सारेच दुप्पट कंप्रतेवर नेऊन ठेवते. खऱ्या वाद्यावर आपण वरचा सूर वाजवतो तेव्हा वाद्याचे खोड काही निम्मे होत नाही. पिकची जी टकटक ३ किलोहर्ट्झच्या आसपास होती ती ६ वर जाऊन बसते आणि कानाला खोटेपणा सर्वांत आधी तिथेच कळतो.

म्हणून मी सिग्नल दोन वाटांनी नेतो. एका वाटेने मूळ आवाज जसाच्या तसा जातो. दुसऱ्या वाटेवर ऑक्टेव्हचा ब्लॉक (तो परिणाम देणारा यंत्रातला टप्पा) आणि त्याच्या लगेच मागे साधारण ३ ते ४ किलोहर्ट्झच्या वरचे सगळे कापणारा फिल्टर असतो. मानेकडचा पिकअप (तारांची कंपने टिपणारा भाग) निवडून टोनची कळ अर्ध्यापर्यंत उतरवली, की यंत्राला मुळातच गोल आवाज मिळतो आणि त्याचे काम सोपे होते. चढ्या सप्तकाचे प्रमाण मूळ आवाजाच्या एक तृतीयांशाच्या आसपास ठेवतो. ब्लॉक सुरू असताना तो वेगळा ऐकू येऊ नये, पण बंद केल्यावर गिटार एकदम बारीक वाटावी, ही माझी कसोटी आहे. दोन्ही वाटा अँपच्या मॉडेलच्या (यंत्रातल्या अँप्लिफायर-स्पीकरच्या नकलेच्या) आधीच एकत्र करणे फार महत्त्वाचे ठरले, कारण मग स्पीकरचा रंग दोघांवर सारखाच चढतो आणि ते एकाच वाद्यातून निघाल्यासारखे वाटतात.

१९६७ च्या सुमारास रॉजर मेयर यांनी गिटारवादक जिमी हेंड्रिक्ससाठी ऑक्टेव्हिया नावाचे जे पेडल बनवले, त्यात लहरीचा खालचा अर्धा भाग उलटवून वर घेतला जात असे आणि त्यामुळे सूर दुप्पट भासत असे. ते एकेका सुरावर, मानेच्या पिकअपवर आणि बाराव्या पडद्याच्या पुढे उत्तम चालते. कॉर्डवर मात्र त्याचा गोंगाट होतो. आपल्याला तो फाटका आवाज नको असला, तरी पिकअपचा आणि जागेचा धडा डिजिटल यंत्रालाही तसाच उपयोगी पडतो.

बारा तारांच्या गिटारचा भास हवा असेल तर एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या गिटारमध्ये खालच्या चार तारांच्या जोडीलाच वरच्या सप्तकाची तार असते. वरच्या दोन तारांच्या जोड्या एकाच सुरात लावलेल्या असतात. प्रोसेसर हा भेद करत नाही, सहाही तारांना सरसकट वर चढवतो, आणि पहिली तार किंचाळू लागते. मी ऑक्टेव्हचे प्रमाण एक्स्प्रेशन पेडलवर (पायाने कमी-जास्त करायच्या पेडलवर) घेतले असून चाल वर सरकली की पाय मागे घेतो. शिवाय चढा सूर चार-पाच सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) बेसूर ठेवला, तर जोडतारांची ती किंचित थरथर येते.

आता यंत्राकडून सूर बाहेर पडायला होणाऱ्या उशिराबद्दल. जाड ई तारेची कंप्रता ८२ हर्ट्झ, म्हणजे तिचे एक आवर्तनच १२ मिलिसेकंदांचे. एवढे ऐकल्याशिवाय सूर ओळखणे यंत्राला अवघडच. तेवढ्या वेळात आवाज हवेतून चार मीटर जातो, त्यामुळे मूळ आवाजासोबत हा उशीर खपून जातो. मूळ आवाज पूर्ण बंद केला, तर मात्र जलद बेंजोच्या जागा ढोलकीच्या मागे पडतात. अशा जागा मी सातव्या पडद्याच्या पुढे बारीक तारांवर घेतो, कारण तिथले आवर्तन छोटे असते.

उघड्यावरच्या मंडपात जनरेटरची गुणगुण हा स्वतंत्र त्रास आहे. विजेची ५० हर्ट्झची घरघर ऑक्टेव्हमधून १०० होऊन बाहेर पडते आणि स्पीकरवर जास्तच जाणवते. म्हणून नॉइज गेट (वाजवत नसताना बारीक गुणगुण अडवणारा टप्पा) ऑक्टेव्हच्या आधी लावावा. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या उन्हात तारा सैल पडतात, त्याचीही दखल घ्यावी लागते, कारण दोन तारांमध्ये सेकंदाला एक हेलकावा येण्याइतका फरक असेल, तर वरच्या सप्तकात तेच हेलकावे दोन होतात. दर दोन-तीन गाण्यांनंतर ट्यूनर पाहणे मला टाळता आलेले नाही.

काही गोष्टी अजूनही जमलेल्या नाहीत. लांबवलेला सूर विझत आला, की यंत्र अडखळते आणि शेवट खरखरीत होतो; खालच्या तारांवरचा दाट कॉर्ड गढूळ होतो; मेंडोलिनचा भरभर चालणारा ट्रेमोलो तर यातून येतच नाही, आणि तो या यंत्राकडून मागूही नये. मेंडोलिन वाजवणारा सोबत असेल त्या कार्यक्रमात मी हा ब्लॉक बंद ठेवून साधी साथ करतो. केवळ या एका परिणामासाठी नवा प्रोसेसर घ्यावा असे मी कोणाला सांगणार नाही. पण घरात आधीच असलेल्या यंत्रात दोन वाटा आणि एक फिल्टर लावण्याची सोय असेल, तर खरेदीआधी त्यावर एक संध्याकाळ जरूर घालवावी.