मुलाची फ्रॅटर्निटी, ड्यूज (वर्गणी) भरणाऱ्या आईचा रिव्ह्यू (५ पैकी साडेतीन स्टार)

फ्रॅटर्निटी किंवा फ्रॅट म्हणजे अमेरिकन कॉलेजातल्या मुलांची संघटना, चॅप्टर म्हणजे तिची त्या कॉलेजातली शाखा. चॅप्टरचं नाव देत नाहीये, युनिव्हर्सिटीचंही नाही, कारण मुलगा अजून तिथेच आहे आणि मी हे लिहिलंय हे त्याला कळलं तर थँक्सगिव्हिंगला घरी यायचा नाही. पेनसिल्व्हेनियातलं मोठं कॉलेज आहे (पेन स्टेट नव्हे), फ्रॅट जुनी आहे, देसी फ्रॅट नाही, एवढं पुरे.

आधी पैशांचं. सेमिस्टरला हजार डॉलरच्या आसपास ड्यूज, पहिल्या सेमिस्टरला न्यू मेंबर फी आणि इनिशिएशन फी वेगळी. त्यातला बराच भाग लायबिलिटी इन्शुरन्सला जातो असं ट्रेझरर पोराने सांगितलं. म्हणजे मुलाने भानगडीत पडू नये म्हणून काळजी आम्हीच करायची आणि भानगड झाली तर त्याचा हप्ताही आम्हीच भरायचा, असो. पेमेंटचं ॲप भिकार आहे, रिसीट मागून घ्यावी लागते.

रशला, म्हणजे फ्रॅट्सच्या भरतीला, जातोय म्हणून मुलाचा फोन आला तेव्हा नवरा म्हणाला जाऊ दे की, ओळखी होतात, त्याच्या ऑफिसात एकाच फ्रॅटचे दोघं-तिघं आहेत आणि एकमेकांना बरोब्बर वर ओढतात. मी मात्र त्या रात्री हेझिंगमध्ये (नव्या मेंबरांचं रॅगिंग) जीव गेलेल्या टिम पियाझाची केस वाचत बसले. पेन स्टेट, फेब्रुवारी २०१७, बीटा थीटा पाय ही फ्रॅट. १९ वर्षांचं पोर, बिड (मेंबर होण्याचं आमंत्रण) घेतल्याच्या रात्री ८२ मिनिटांत १८ ड्रिंक्स दिली असं सरकारी वकिलांचं म्हणणं होतं, मग तो बेसमेंटच्या जिन्यावरून पडला आणि ९११ ला फोन गेला दुसऱ्या दिवशी सकाळी, जवळजवळ १२ तासांनी. ह्यात मला सगळ्यात जास्त काय छळलं सांगू? ते फ्रॅटचं हाऊस कागदोपत्री ड्राय, म्हणजे दारूबंदीचं, होतं. एका श्रीमंत माजी मेंबरने लाखो डॉलर ओतून ते नवं केलेलं, आत कॅमेरे बसवलेले, एक मोठा माणूस सल्लागार म्हणून तिथेच राहत होता. म्हणजे ॲल्युमनीचा पैसा ढीगभर होता, नियम होते, रेकॉर्डिंगसुद्धा झालं, फक्त त्या वेळी मध्ये पडून बास आता म्हणणारं कोणी नव्हतं.

त्यामुळे ह्या सगळ्या पॅकेजमध्ये मी एकच गोष्ट बघितली, माजी मेंबर नुसते चेक पाठवतात की स्वतः येऊन उभे राहतात. बाकी ते ब्रदरहूड, लीडरशिप वगैरे ब्रोशरमध्ये सगळ्यांच्याच असतं.

तर इथे ॲल्युमनी ॲडव्हायझरी बोर्ड आहे आणि तो खरोखर काम करतो. पालकांसाठी झूम कॉल ठेवला होता, त्यात साठीतले एक गृहस्थ, प्लंबिंगचा धंदा आहे त्यांचा, टाय नाही काही नाही, गाडीत बसूनच बोलत होते. मी सरळ विचारलं की तुमच्याकडे शेवटचं हेझिंग कधी झालं. बाकीचे पालक गप्प. हे गृहस्थ काही चिडले नाहीत. म्हणाले काही वर्षांपूर्वी ज्युनियर्सनी (तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी) नव्या मुलांना पहाटे ३ ला उठवून हाऊस घासायला लावलं आणि ओळीत उभं करून शिव्या घातल्या, बोर्डाला कळल्यावर बोर्डानेच युनिव्हर्सिटीला आणि नॅशनल ऑफिसला कळवलं, चॅप्टर वर्षभर सस्पेंड झाला. आणि मग काय झालं तर जुन्या मेंबर्सपैकी बऱ्याच जणांनी डोनेशन बंद केलं! आमच्या वेळी ह्याच्या दुप्पट व्हायचं आणि आम्ही घडलोच ना, हे पालुपद. अहो घडलात की वाचलात, ते आधी ठरवा.

हे नुसतं ऐकून घेतलं नाही, तपासलं. पियाझाच्या नावाचा जो कायदा पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये केला त्यामुळे इथल्या कॉलेजांना हेझिंगच्या केसेसचा रिपोर्ट वेबसाइटवर टाकावाच लागतो, आणि डिसेंबर २०२४ मध्ये स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्टवर सही झाल्यापासून आता देशभर तेच, कुठल्या संघटनेने काय केलं, कधी केलं, काय शिक्षा झाली हे सगळं नावानिशी. ती लिंक कॉलेजने अशा कोपऱ्यात ठेवलीये की शोधता शोधता माझा चहा थंड झाला, पण सापडली, आणि गृहस्थांनी सांगितलेलं तंतोतंत निघालं, झोप न देणं, कामं करवून घेणं, ओरडणं, दारू नव्हती. इथेच मी एक स्टार पक्का केला. उलट शेजारच्या एका चॅप्टरच्या नावावर काहीच नव्हतं म्हणून एक मैत्रीण खूश होती, तिला म्हटलं थांब जरा. मेन राज्यातल्या युनिव्हर्सिटीच्या २००८ च्या अभ्यासात क्लब, टीम, संघटनांमधल्या ५५ टक्के मुलांनी हेझिंग अनुभवलेलं होतं आणि ज्यांना ते हेझिंग होतं हे कळलं त्यांच्यातल्या ९५ टक्क्यांनी कॉलेजला सांगितलंच नाही. कोऱ्या पानावर विश्वास ठेवायचा कसा?

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. बिग-लिटल नाईट, म्हणजे नव्या मुलाला त्याचा सीनियर 'बिग ब्रदर' मिळतो ती रात्र, ही सगळ्यात धोक्याची असते कारण सीनियर लाडाने अख्खी बाटली हातात देतो. फ्लोरिडा स्टेटमध्ये २०१७ ला अँड्र्यू कॉफी अशाच बिग ब्रदर नाईटला बर्बनची बाटली पिऊन जिवानिशी गेला. तर इथल्या बोर्डाने काय केलं, ती रात्र रात्रच ठेवली नाही, रविवारी दुपारी घेतली, मागच्या अंगणात, हे प्लंबिंगवाले काका स्वतः ग्रिलवर, अजून तिघं-चौघं माजी मेंबर बायकापोरांसकट. फोटो बघितले मी, एका जुन्या मेंबरची छोटी मुलगी माझ्या मुलाच्या खांद्यावर बसलीये आणि हा हातात पेपर प्लेट सांभाळतोय. चार वर्षांची पोरगी अंगणात पळत असताना कोण कोणाला बाटली संपवायला लावणार? शिवाय काकांचा नंबर प्रत्येक नव्या मुलाच्या फोनमध्ये सेव्ह करून घेतला, रात्री कितीही वाजता फोन आला तरी आधी गाडी काढणार, चौकशी सकाळी.

स्टार कापले ते दोन गोष्टींसाठी. एक, न्यू मेंबर पिरियड (बिडपासून पूर्ण मेंबर होईपर्यंतचा काळ) सहा आठवड्यांचा आहे आणि तो इतका लांब कशाला हवा हे मला कोणी पटवून देऊ शकलं नाही. सिग्मा अल्फा एप्सिलॉन ह्या फ्रॅटने मार्च २०१४ मध्ये प्लेजिंग, म्हणजे हाच उमेदवारीचा काळ, बंदच करून टाकलं, बिड घेतल्यावर ९६ तासांत पूर्ण मेंबर. त्याने सगळं सुटलं असं नाही, पण निदान अर्धवट मेंबर म्हणून लटकत ठेवून राबवायची सोय तरी कमी होते.

दोन, सोबर ड्रायव्हर, म्हणजे स्वतः न पिता बाकीच्यांना गाडीने सोडणारा. गुरुवारी रात्री सगळ्यांना सोडायचं काम फक्त नव्या मुलांना, आणि शुक्रवारी सकाळी ८ ला माझ्या मुलाची केमिस्ट्री लॅब. म्हणाला आई हे हेझिंग नाहीये, सगळेच करतात. सगळेच म्हणजे सगळेच फ्रेशमन! मी काकांना मेल केला (मुलाला न सांगता, हो). उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, पण रोस्टरमध्ये सीनियर्सची नावं यायला मिडटर्म्स उजाडल्या.

ॲल्युमनीचं करियरवालं काम ठीक आहे, रेझ्युमे नाईट झाली, मॉक इंटरव्ह्यू झाला, इंटर्नशिपचं अजून काही दिसलं नाही. डोनेशनची पत्रं मात्र पालकांनाही येतात. द्यायचंच असेल तर आधी विचारा की पैसे फाउंडेशनला जातात की हाऊस कॉर्पोरेशनला (हाऊसची इमारत सांभाळणारी संस्था), कारण स्कॉलरशिप आणि ट्रेनिंगसाठी फाउंडेशनला दिलेल्यावर टॅक्समध्ये सूट मिळते, छप्पर दुरुस्तीला दिलेल्यावर सहसा नाही. मी थोडे दिले, फाउंडेशनलाच.

तुमचा मुलगा रशला जाणार असेल तर चॅप्टरच्या प्रेसिडेंटशी बोलत बसू नका, तो २० वर्षांचा आहे आणि छान बोलतो. ॲडव्हायझर कोण आहे आणि तो मागच्या वेळी हाऊसमध्ये कधी गेला होता ते विचारा. उत्तर द्यायला वेळ लागला तर काय ते समजा. आम्ही स्प्रिंगचे ड्यूज भरलेत. रिसीट अजून आलेली नाही.