पोर्टल आणि स्प्लीनिक व्हेनचे आजार: डॉप्लर, सीटी, एमआरआय की दुर्बीण?

चिठ्ठीवर नुसतं ‘पोटाचा सीटी’ लिहिलेलं असेल, तर पोर्टल व्हेनच्या (आतड्यांचं आणि पाणथरीचं रक्त यकृतात नेणारी शीर) बाबतीत ती तपासणी वाया जाऊ शकते. शिरेतून औषध (कॉन्ट्रास्ट) सोडल्यावर ३५व्या सेकंदाला काढलेल्या चित्रात गुठळी ‘दिसते’ आणि त्याच माणसाच्या ७०व्या सेकंदाच्या चित्रात ती नसते, असं घडतं. या शिरांमधला प्रवाह संथ असतो, त्या पोटात खोलवर असतात, आणि प्रत्येक तपासणी आपापल्या ठरलेल्या जागी फसते. ती जागा माहीत असली की निवड बरीच सोपी होते.

आधी नकाशा

आतड्यांकडून येणारी सुपीरियर मेसेंटेरिक व्हेन आणि पाणथरीकडून (प्लीहेकडून) येणारी स्प्लीनिक व्हेन स्वादुपिंडाच्या मानेमागे एकत्र येतात. तिथून पुढे साधारण ८ सेंमी लांबीची पोर्टल व्हेन यकृतात शिरते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त याच वाटेने येतं. शांत श्वासात, उपाशीपोटी पोर्टल व्हेनची रुंदी १३ मिमीपर्यंत साधारण धरतात, स्प्लीनिक व्हेनची १० मिमीपर्यंत. जेवणानंतर आणि खोल श्वास घेतल्यावर दोन्ही फुगतात. म्हणून रिपोर्टमध्ये ‘१४ मिमी’ दिसलं की लगेच घाबरायचं कारण नाही. तपासणी उपाशीपोटी झाली होती का, हे आधी विचारावं.

स्प्लीनिक व्हेन स्वादुपिंडाच्या पाठीला चिकटून जाते. तिच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ या शेजारात आहे.

दोन शिरा, दोन वेगळे आजार

पोर्टल व्हेनमध्ये नवी गुठळी झाली की पोटदुखी, ताप, मळमळ अशी मोघम लक्षणं दिसतात, आणि कधी काहीच दिसत नाही. गुठळी मेसेंटेरिक व्हेनमध्ये उतरली तर आतड्याचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. हात लावून पाहताना पोट फारसं कडक लागत नाही, पण वेदना असह्य असते. हे चित्र दिसलं तर थांबायला वेळ नसतो. गुठळी वेळीच विरघळली नाही, तर काही आठवड्यांतच बंद शिरेभोवती बारीक वाटांचं जाळं तयार होतं. त्याला कॅव्हर्नोमा म्हणतात. पुढे पाणथरी वाढते, प्लेटलेट कमी होतात, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, आणि काहींना एक दिवस थेट रक्ताची उलटी होते. यकृताच्या रक्ततपासण्या मात्र बहुधा ठीक असतात. मोठी पाणथरी, कमी प्लेटलेट आणि चांगलं यकृत ही त्रयी दिसली, की पोर्टल व्हेन तपासलीच पाहिजे. लहान मुलांमध्ये तर आधी तीच.

एकट्या स्प्लीनिक व्हेनमध्ये अडथळा आला तर गोष्ट वेगळी. स्वादुपिंडाचा दाह, त्यात झालेली पाण्याची गाठ किंवा स्वादुपिंडाचा कर्करोग ही नेहमीची कारणं. पाणथरीचं रक्त मग जठराच्या वरच्या घुमटातल्या छोट्या शिरांमधून वाट काढतं आणि त्या शिरा फुगतात. पोर्टल व्हेनमधला दाब साधारणच राहतो. दाब फक्त डाव्या बाजूच्या शिरांत वाढतो, म्हणून याला डाव्या बाजूचं पोर्टल हायपरटेन्शन म्हणतात. तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीत अन्ननलिका स्वच्छ आणि जठराच्या घुमटातच फुगलेल्या शिरा दिसल्या, तर हाच संशय पहिला धरावा. पाणथरी प्रत्येक वेळी वाढलेली असतेच असं नाही.

हा फरक इतका महत्त्वाचा का? कारण उपाय वेगळे आहेत. नव्या पोर्टल गुठळीत सिऱ्होसिस (यकृत कडक आणि व्रणांनी भरलेलं होणं) नसेल, तर रक्त पातळ करणारी औषधं लवकर सुरू करून किमान ६ महिने देतात. एकट्या स्प्लीनिक व्हेनच्या अडथळ्यामुळे रक्तस्राव होत असेल, तर पाणथरी काढल्यावर आजाराचं मूळच जातं. शस्त्रक्रिया झेपणार नसेल तर पाणथरीची धमनी बंद करतात. पण कधीच रक्त न गेलेल्या रुग्णाची पाणथरी निव्वळ खबरदारी म्हणून सहसा काढत नाहीत. शस्त्रक्रिया ठरलीच, तर न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी यांच्या लसी किमान २ आठवडे आधी द्याव्या लागतात. ऐन वेळी ही गोष्ट सहज विसरली जाते.

डॉप्लर सोनोग्राफी

ही ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी तपासणी. सुरुवात बहुधा इथूनच होते आणि ते योग्यच आहे. किरणोत्सर्ग नाही, सुई नाही, मूत्रपिंडावर ताण नाही, गरोदरपणातही चालते. रक्त यकृताकडे वाहतंय की उलट, किती वेगाने, लयीत की एकसारखं, हे वाहत्या रक्तात तिथल्या तिथे दिसतं. निरोगी पोर्टल व्हेनमध्ये साधारण २० ते ४० सेंमी प्रतिसेकंद वेगाचा, यकृताकडे जाणारा, किंचित लहरी प्रवाह असतो. तो हृदयाच्या ठोक्यागणिक उसळत असेल तर हृदयाच्या उजव्या बाजूकडे लक्ष द्यावं, किंवा धमनी आणि पोर्टल व्हेन यांच्यातल्या चुकीच्या जोडणीकडे.

डॉप्लर फसतं ते मुख्यतः तीन ठिकाणी. पहिलं, किरणाचा कोन. ध्वनिलहर शिरेला काटकोनात पडली तर रंग उमटतच नाही. बेंबीच्या वर आडवा प्रोब धरला की स्प्लीनिक व्हेनच्या कमानीच्या मध्यावर नेमकं हेच होतं, आणि वाहत्या शिरेत ‘प्रवाह नाही’ असं वाटतं. कोन ६० अंशांच्या आत असावा. पोर्टल व्हेनसाठी उजव्या बरगड्यांच्या फटीतून पाहिलं तर तो सहज मिळतो. दुसरं, यंत्राची वेगमर्यादा. ती धमनीसाठी ठेवतात तशी वर असेल, तर सिऱ्होसिसमधला संथ प्रवाह यंत्राला दिसत नाही आणि मोकळी शीर बंद ठरते. स्केल (वेगमर्यादा) आणि वॉल फिल्टर (संथ हालचाल गाळणारी सेटिंग) दोन्ही खाली आणल्याशिवाय ‘बंद आहे’ असं लिहू नये. तिसरी चूक याच्या उलट आहे. कॅव्हर्नोमातली एखादी जाड वाट पाहून ‘पोर्टल व्हेन मोकळी’ असा शेरा मारला जातो. शीर सरळ, एकसंध आणि भिंती असलेली दिसली का, हे पाहायला हवं. आणखी एक गोष्ट: ताजी गुठळी साध्या सोनोग्राफीत काळीच दिसते, म्हणजे रक्तासारखीच. रंग न लावता ती सापडणार नाही.

गॅस आणि लठ्ठपणा हे जुने शत्रू आहेतच. ६ तास उपाशी राहिल्याने फरक पडतो. स्प्लीनिक व्हेनचा मधला भाग दिसत नसेल तर रुग्णाला पाणी पाजून भरलेल्या जठरातून पाहतात, आणि शेपटाकडचा भाग डाव्या कुशीतून, पाणथरीची खिडकी करून. एवढं करूनही दिसला नाही, तर रिपोर्टमध्ये ‘मधला भाग दिसला नाही’ असं स्पष्ट लिहिलेलं असावं. ‘नॉर्मल’ आणि ‘दिसला नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सीटी

गुठळी कुठून कुठपर्यंत आहे, आतडं कसं आहे, स्वादुपिंडात काय चाललंय, हे सगळं काही मिनिटांत एकत्र पाहायचं असेल तर सीटीला तोड नाही. अट एकच, चित्र पोर्टल फेजमध्ये, म्हणजे औषध सोडल्यावर साधारण ६५ ते ७५ सेकंदांनी काढलेलं हवं. धमनीच्या फेजमध्ये, ३५ ते ४० सेकंदांना, पाणथरीतून औषध मिसळलेलं रक्त लवकर परततं, आतड्यांतून मात्र अजून साधंच रक्त येत असतं. दोन्ही प्रवाह पोर्टल व्हेनमध्ये शेजारीशेजारी वाहतात आणि न रंगलेला पट्टा हुबेहूब गुठळीसारखा दिसतो. सुरुवातीला सांगितलेली खोटी गुठळी ती हीच. तोच पट्टा पुढच्या फेजमध्ये नाहीसा झाला, तर ते निव्वळ मिश्रण होतं.

मग धमनीची फेज टाळावी का? नाही. यकृतात गाठ असेल तर ती लागतेच. गुठळी साधी आहे की कर्करोगाचीच शिरेत शिरलेली, हे त्याच फेजमध्ये ठरतं. साध्या गुठळीत औषध शिरत नाही. कर्करोगाची गुठळी धमनीच्या फेजमध्ये उजळते, शीर ताणून रुंद करते आणि बहुधा शेजारच्या गाठीला जोडलेली असते. प्रत्येक जादा फेजबरोबर किरणोत्सर्गाची मात्रा वाढते, म्हणून तरुण रुग्णात चार फेज ‘असू द्यात’ म्हणून मागणं बरोबर नाही.

यकृताच्या कडेला, पार कॅप्सूलच्या (यकृताच्या बाहेरच्या आवरणाच्या) २ सेंमीच्या आतपर्यंत पसरलेली हवा पोर्टल व्हेनमधली समजावी. पित्तनलिकेतली हवा मध्यभागाकडे राहते. पोर्टल व्हेनमधली हवा आणि असह्य पोटदुखी एकत्र असतील तर आतडं मरत असण्याची शक्यता आधी धरावी.

सीटीचे तोटे सगळ्यांना माहीत आहेत: किरणोत्सर्ग, आयोडीनच्या औषधाची ॲलर्जी, मूत्रपिंडावरचा ताण. मूत्रपिंड बरंच मंद असेल आणि रुग्ण मेटफॉर्मिन घेत असेल, तर ती गोळी थांबवून ४८ तासांनी मूत्रपिंडाची तपासणी पाहून परत सुरू करतात.

एमआरआय

किरणोत्सर्ग नको आणि पित्तनलिकाही पाहायच्या आहेत, तिथे एमआरआय सरस ठरतो. कॅव्हर्नोमातल्या फुगलेल्या वाटा पित्तनलिकेला बाहेरून दाबतात. अशा रुग्णाला कावीळ झाली किंवा अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्ताच्या अडथळ्यात वाढणारं एन्झाइम) वाढलं, तर एमआरसीपी (पित्तनलिकांची एमआरआय चित्रं) जोडून केलेला एमआरआय एका बैठकीत दोन्ही उत्तरं देतो. सीटीत ते इतकं नीट कळत नाही.

पण इथे रुग्णाची साथ लागते. अर्धा-पाऊण तास आडवं पडायचं आणि पुनःपुन्हा १५ ते २० सेकंद श्वास रोखायचा. पोटात भरपूर पाणी असलेल्या, दम लागणाऱ्या माणसाची चित्रं धूसर येतात, आणि त्या धूसर चित्रांवरून काढलेला निष्कर्ष सीटीपेक्षा कमकुवत असतो. काही आठवड्यांची जुनी गुठळी टी-वन या प्रकारच्या एमआरआय चित्रात मुळातच पांढरी दिसते. ती ‘उजळली’ असं समजून कर्करोगाचा शिक्का बसू शकतो. औषधाआधीचं चित्र नंतरच्यातून वजा करून पाहिलं की गोंधळ मिटतो. पेसमेकर किंवा शरीरातला धातू आधी सांगावा. गॅडोलिनियम (एमआरआयचं कॉन्ट्रास्ट औषध) गरोदरपणात टाळतात, मूत्रपिंड फारच मंद असेल तर त्याचा प्रकार काळजीपूर्वक निवडतात.

उरलेल्या तपासण्या थोडक्यात

दुर्बीण शिरेतली गुठळी दाखवत नाही, तिचा परिणाम दाखवते. रक्तस्रावात मात्र तिचा नंबर पहिला, कारण तिथेच उपचारही होतो. जठराच्या घुमटातला जाडसर ‘वळ’ दिसला म्हणून बायॉप्सी घेतली आणि ती फुगलेली शीर निघाली, तर रक्त थांबवणं अवघड जातं. शंका असेल तिथे दुर्बिणीच्या टोकावरची सोनोग्राफी आधी करावी. स्वादुपिंडामागची स्प्लीनिक व्हेनही तिच्यात छान दिसते.

सूक्ष्म बुडबुड्यांची सोनोग्राफी हा मूत्रपिंड बिघडलेल्यांसाठी चांगला पर्याय. बुडबुड्यांतला वायू श्वासावाटे बाहेर पडतो, आणि साधी गुठळी की कर्करोगाची, हे कळतं.

फायब्रोस्कॅनबद्दल (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) एक सावधगिरी. बव्हेनो सहमतीने (पोर्टल हायपरटेन्शनवरच्या तज्ज्ञांची सहमती) २०१५ मध्ये सांगितलं की यकृताचा कडकपणा २० किलोपास्कलच्या आत आणि प्लेटलेट दीड लाखावर असतील तर दुर्बीण टाळता येते. हा नियम दीर्घकालीन यकृतविकारासाठी आहे. पोर्टल व्हेन बंद असलेल्यांत यकृत मऊच असतं आणि शिरा तरी फुगलेल्या असतात. तिथे हा आकडा खोटा दिलासा देतो. मानेतून नळी घालून मोजलेला यकृतातला दाबही असाच. पाऱ्याच्या ५ मिलिमीटरवर तो वाढलेला, १० आणि पुढे धोक्याचा मानतात, पण अडथळा यकृताच्या आधीच असेल तर तो साधारण येतो. धमनीतून नळी घालून अँजिओग्राफी आता उपचार करायचे असतील तेव्हाच करतात.

कोणाला काय आधी

असह्य पोटदुखी किंवा तापासह नवी गुठळी वाटतेय: डॉप्लरच्या वेळेची वाट न पाहता पोर्टल फेजचा सीटी. ताप असेल तर रक्ताचं कल्चरही, कारण अपेंडिक्स किंवा मोठ्या आतड्यातला संसर्ग पोर्टल व्हेनमध्ये पसरलेला असू शकतो.

मूल किंवा तरुण, मोठी पाणथरी: डॉप्लर, मग एमआरआय आणि एमआरसीपी. शिवाय दुर्बीण.

स्वादुपिंडाच्या दाहानंतर रक्ताची उलटी: दुर्बीण, लगेच सीटी.

सिऱ्होसिस किंवा यकृतात गाठ: धमनी, पोर्टल आणि उशिरा अशा फेजसह सीटी किंवा एमआरआय. शंका उरलीच तर बुडबुड्यांची सोनोग्राफी.

गरोदर: डॉप्लर, गरज पडल्यास औषधाविना एमआरआय.

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, चक्कर, यांपैकी काहीही असेल तर तपासणी निवडत बसू नये, थेट तातडीच्या विभागात जावं.

गुठळी सापडल्यावर

कारण शोधणं ही वेगळी तपासणी आहे. जॅक-टू या जनुकातला बदल (अस्थिमज्जेच्या रक्तविकाराची खूण) पाहावा, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) साधारण असला तरी. वाढलेली पाणथरी पेशी अडकवून ठेवते आणि रक्ताचा आजार आकड्यांत झाकला जातो. प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन (गुठळी रोखणारी रक्तातली प्रथिनं) मात्र ताज्या गुठळीत, यकृत बिघडल्यावर किंवा रक्त पातळ करणारं औषध सुरू झाल्यावर कमी येतात. वॉर्फरिनने पहिले दोन, हेपॅरिनने तिसरं. एका कमी आकड्यावरून आनुवंशिक दोषाचं निदान चिकटवू नये.

पुढची तुलना करायची तर पहिली चित्रं लागतात. छापील रिपोर्टवर ‘अंशतः बंद’ एवढंच असतं, मूळ फाइलमध्ये गुठळीचं वरचं आणि खालचं टोक मोजता येतं. ती सीडी घेऊन ठेवा. आधी सीटी झाला असेल तर ६ महिन्यांनीही शक्यतो त्याच पद्धतीने आणि त्याच फेजमध्ये करा, मधल्या काळात डॉप्लर पुरतो.