पाय प्लास्टरमध्ये, मग प्रवास विमा: पैसे वसूल की पाण्यात?

पावसाळ्यात नाशिकजवळच्या हरिहर गडाच्या पायऱ्यांवर पाय घसरतो, नाहीतर शहरात मुंबई नाक्याजवळ खड्ड्यात दुचाकी आडवी होते आणि घोट्याचं हाड मोडतं. युरोपची टूर तीन आठवड्यांवर आलेली असते, तिकिटांचे पैसे परत मिळणारे नसतात. मग कॉलेज रोडवरच्या टूर ऑफिसात फोन जातो, "आता विमा काढला तर चालेल ना?" पलीकडून उत्तर येतं, "चालेल की, पाच मिनिटांत पॉलिसी मेलवर येते." खोटं नाही ते. पाच मिनिटांत पीडीएफ खरंच येते. फक्त त्या पीडीएफमध्ये तो घोटा नसतो.

इथे परीक्षण आहे ते परदेश प्रवासाच्या साध्या, कुणालाही घेता येणाऱ्या विमा पॉलिसीचं. ती सरकारी कंपनीच्या शाखेत मिळते, खाजगी कंपनीच्या अ‍ॅपवर मिळते, एजंटकडे मिळते आणि टूरच्या पॅकेजात गुंडाळूनही मिळते. तरुण माणसाला पंधरा दिवसांच्या युरोपसाठी प्रीमियम साधारण हजाराच्या आसपास पडतो, वय साठीपुढे गेलं की झपाट्याने चढतो. इजा झाल्यावर घेतलेल्या अशा पॉलिसीला आमचे गुण: दुखावलेल्या अवयवासाठी 5 पैकी 0, बाकीच्या शरीरासाठी, सामानासाठी आणि पासपोर्टसाठी 5 पैकी 4. घ्यावी, पण फॉर्मवर इजा जाहीर करून घ्यावी.

शून्य का, तर 'आधीपासूनचा आजार' या शब्दाच्या व्याख्येमुळे. आपण आजार म्हटलं की बीपी, शुगर एवढंच धरतो. विमा नियामकाच्या आरोग्य विम्यासाठीच्या व्याख्येत आजाराच्या जोडीला 'इजा'ही आहे. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या 36 महिन्यांत डॉक्टरने निदान केलेली, किंवा जिच्यावर सल्ला वा उपचार झालेले आहेत अशी कोणतीही गोष्ट त्यात येते. 2024 च्या आधी ही मुदत 48 महिने होती. प्रवास पॉलिसीत मुदत वेगळी असू शकते, ती पॉलिसीतच पाहावी. म्हणजे कालचं फ्रॅक्चर तर आलंच, पण दोन वर्षांपूर्वी मनगटात बसवलेली प्लेटही आली. घरच्या मेडिक्लेममध्ये ठरावीक वेटिंग, म्हणजे थांबण्याचा काळ, संपलं की जुनी दुखणी कव्हर होतात. पंधरा दिवसांच्या पॉलिसीत वेटिंग संपायला जागाच नाही, त्यामुळे ती कायमची बाहेर राहतात. मागची तारीख टाकून घेण्याचा विचारही सोडून द्यावा. प्रीमियम हातात पडल्याशिवाय कंपनीला जोखीम स्वीकारता येत नाही, विमा कायदा 1938 च्या कलम 64 व्हीबीचं तेच सांगणं आहे.

खरी गडबड होते फॉर्मवर. आरोग्याच्या प्रश्नांत एक ओळ अशा अर्थाची असते: 'प्रवास करणाऱ्यांपैकी कोणाला आधीपासूनचा आजार, इजा किंवा अपंगत्व आहे का?' कधीकधी तिथे 'नाही' आधीच निवडलेलं असतं. टूर ऑफिसमधली मुलगी वीस जणांची नावं, जन्मतारखा, पासपोर्ट नंबर एका एक्सेलमधून उचलून भरत असते, तिला आजोबांचा घोटा कुठून माहीत असणार! टिक तिची, सही तुमची. म्हणून पॅकेजमधल्या विम्याची पीडीएफ आली की पहिलं पान सोडून थेट डिक्लेरेशनपाशी, म्हणजे तुमच्या नावाने दिलेल्या आरोग्याच्या माहितीपाशी जावं. इजेच्या जागी 'नाही' असेल तर निघण्याआधीच कंपनीला ईमेल करून दुरुस्तीची मागणी करावी. दुरुस्ती झाली की 'एंडॉर्समेंट' नावाचा वेगळा कागद येतो, तो पॉलिसीसोबत जपून ठेवावा. इजा जाहीर केल्यावर प्रकरण अंडररायटरकडे, म्हणजे विमा द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या कंपनीच्या माणसाकडे जाऊ शकतं, त्यात एक-दोन दिवस जातात. कधी तेवढी इजा वगळून पॉलिसी देतात, कधी सरळ नाही म्हणतात. नकार आला तर दुसरीकडे फॉर्म भरताना तोही लपवू नये.

"सांगितलंच नाही तर कळणार कुणाला?" हा प्रश्न नाशिकमध्येच नाही, सगळीकडेच विचारला जातो. कळतं. परदेशातल्या इमर्जन्सीत गेल्यावर डॉक्टर पहिल्यांदा विचारतो, कधी लागलं? वेदनेत माणूस खरं बोलतो आणि ते पहिल्या नोंदीत उतरतं: दोन आठवड्यांपूर्वी पडल्याचा इतिहास. क्लेमच्या फाइलमध्ये ही पहिली नोंद मागतातच. नोंद गोलमाल असली तरी एक्स-रे बोलतो. ताज्या फ्रॅक्चरच्या कडा धारदार दिसतात, दोन-तीन आठवड्यांनंतर त्याच जागेभोवती नवं हाड धरू लागल्याची पुसट सावली दिसायला लागते. पॅरिसमध्ये काल पडलेल्या माणसाच्या हाडावर ती सावली असू शकत नाही. मग घोट्याचा क्लेम जातोच, आणि माहिती लपवल्याच्या कारणावरून बाकी पॉलिसीही अडचणीत येते.

आता 4 गुण कशाचे, ते. प्लास्टर असलेल्या माणसालाही बँकॉकमध्ये पोट बिघडू शकतं, रोममध्ये पासपोर्ट हरवू शकतो, बॅग दुसऱ्याच गावाला जाऊ शकते. या सगळ्याचे पैसे मिळतात, कारण त्यांचा घोट्याशी संबंध नाही. वैद्यकीय खर्चात आधी डिडक्टिबल, म्हणजे तुम्ही स्वतः सोसायची रक्कम, वजा होतं, बहुतेक ठिकाणी 100 डॉलरच्या घरात. काही पॉलिसींत जुन्या दुखण्यालाही थोडी सवलत असते: जिवाला धोका असेल तर, आणि तीही ठरावीक मर्यादेपर्यंत. या कलमावर फार विसंबू नये. प्लास्टरखाली दुखायला लागलं, टाका उसवला, प्लास्टर बदलायचं आहे, हे यातलं काहीच 'जिवाला धोका' नाही. पण मोडलेल्या पायाच्या पोटरीत रक्ताची गुठळी झाली आणि ती फुफ्फुसात गेली तर आहे. एजंटने 'पीईडी (आधीपासूनचा आजार) कव्हर्ड' एवढंच सांगितलं तर पुढचे दोन प्रश्न विचारावेत: कोणत्या परिस्थितीत, आणि किती रकमेपर्यंत?

वादाची जागा मधली आहे. डावा पाय कुबडीवर, जिन्यात तोल गेला आणि उजवं मनगट मोडलं. मनगटाची इजा नवीच, पण कंपनी म्हणू शकते की पडलात ते जुन्या पायामुळे. इथे उपयोगी पडतं ते ऑर्थोपेडिक डॉक्टरचं पत्र. 'डॉक्टरच्या सल्ल्याविरुद्ध प्रवास' हे ठरलेलं एक्सक्लूजन, म्हणजे विम्यातून वगळलेली गोष्ट आहे आणि त्याला तोंड देणारा एवढाच कागद हातात असतो. 'फिट टू ट्रॅव्हल' एवढे तीन शब्द लिहून शिक्का मारलेलं पत्र कुचकामी. इजेची तारीख, उपचार काय झाले, पायावर किती भार द्यायचा, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, प्रवासाच्या काळात कोणतीही शस्त्रक्रिया ठरलेली नाही, प्रवासाच्या तारखा आणि डॉक्टरचा नोंदणी क्रमांक, एवढं त्यात हवं. शस्त्रक्रिया ठरलेली असताना निघालात तर ते वेगळं एक्सक्लूजन, तिथे पत्रही वाचवत नाही.

हेच पत्र विमान कंपनीलाही लागतं. त्यांचा वैद्यकीय माहितीचा फॉर्म वेगळा असतो, तो आधी पाठवावा. उंचीवर प्लास्टरच्या आत सूज वाढते, म्हणून 48 तासांच्या आतलं पूर्ण बंद प्लास्टर असेल तर लांबच्या उड्डाणासाठी ते उभं चिरून द्यायला सांगतात. कसारा घाट उतरून मुंबईच्या विमानतळावर पोचायचं आणि काउंटरवर 'बसता येणार नाही' ऐकायचं, यासारखी फजिती नाही. वर त्याचे पैसे विमाही देत नाही, 'फ्लाइट चुकली' या कलमात हे बसत नाही.

शेंगेनच्या व्हिसासाठी किमान 30,000 युरोचं कव्हर लागतं, तेही सगळ्या 29 देशांत चालणारं. वकिलात अशा अटींपुरतंच तपासते. व्हिसा मिळाला म्हणजे घोटाही कव्हर झाला, असा अर्थ काढणारे बरेच आहेत.

पॉलिसी घ्यायची तारीख हा मुद्दा बहुतेक एजंट सांगतच नाहीत, कारण प्रीमियम तोच राहतो. वैद्यकीय कव्हर प्रवास सुरू झाल्यावर लागू होतं, पण ट्रिप कॅन्सलेशनचं कव्हर असेल तर ते सहसा पॉलिसी निघाल्यापासून चालू होतं. तिकीट काढलं त्याच आठवड्यात पॉलिसी घेतली आणि नंतर पाय मोडला, तर रद्द झालेल्या तिकिटा-हॉटेलाचे पैसे मर्यादेत मिळण्याची शक्यता असते. पाय मोडल्यावर घेतली तर त्याच पायासाठी रद्द करायचे पैसे मिळत नाहीत. निघायच्या आदल्या रात्री पॉलिसी काढणारे हा फायदा फुकट घालवतात. वार्षिक मल्टी-ट्रिप पॉलिसी असेल तर दोन प्रवासांच्या मधे नाशकात झालेली इजा पुढच्या ट्रिपला जुनी धरतात का, हे वर्डिंगमध्ये, म्हणजे पॉलिसीच्या सविस्तर मजकुरात शोधावं.

परदेशात पोचल्यावर पाय मोडला आणि विमाच नाही, तर? भारतातल्या कंपन्या साधारणपणे देशाबाहेर असलेल्याला नवी पॉलिसी देत नाहीत. मुलाकडे अमेरिकेत गेलेल्या आईवडिलांना तिथली व्हिजिटर पॉलिसी पोचल्यावरही मिळते, पण झालेली इजा तीही घेत नाही. त्यांच्या जाहिरातीतलं 'अ‍ॅक्यूट ऑनसेट' म्हणजे जुन्या दुखण्याचा अचानक, पूर्वसूचना नसलेला झटका. हळूहळू वाढलेलं दुखणं त्यात बसत नाही.

देशातल्या देशात रेल्वेचं ई-तिकीट काढताना 45 पैशांचा विमा दिसतो, त्याला इजेचा प्रश्नच नाही. तो रेल्वेच्या अपघातासाठी आणि गाडीतून पडण्यासारख्या घटनांसाठी आहे. रुग्णालयाच्या खर्चासाठी 2 लाख, मृत्यूसाठी 10 लाख. नाशिकरोडच्या जिन्यावर पाय मुरगळला तर त्याचा उपयोग नाही.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जावं. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे इन्शुरन्स ओम्बड्समन. नाशिक जिल्हा पुण्याच्या कार्यालयाखाली येतो, ते नारायण पेठेत आहे. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. सोबत पॉलिसी, नकाराचं पत्र, ऑर्थोपेडिकचं पत्र आणि भरलेल्या प्रपोजल फॉर्मची (विमा घेताना भरलेल्या अर्जाची) प्रत जोडावी. प्रपोजलची प्रत नसेल तर कंपनीकडून ईमेलवर आधीच मागून घ्यावी, कारण इजेच्या प्रश्नासमोर 'हो' होतं की 'नाही', हे तिच्यावरूनच दिसतं.