ऑक्सिजन चेंबरचं पॅकेज घेण्याआधी दाबाचा काटा बघा

बाबांच्या स्वरयंत्राच्या कॅन्सरला सात आठवड्यांत रेडिएशनचे ३५ शेक दिले. गाठ गेली. काही महिन्यांनी मात्र गिळताना कानापर्यंत कळ जायला लागली, आवाज बसला आणि तोंडाला असा घाण वास यायला लागला की बाबा पाहुण्यांसमोर बोलेनासे झाले. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहून सांगितलं, एक तर कॅन्सर उलटलाय, नाहीतर शेकांमुळे रक्तपुरवठा आटून स्वरयंत्राची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, सडतेय. वरून दोन्ही सारखंच दिसतं, पेट स्कॅनमध्येही दोन्ही चमकतात. म्हणून याच आठवड्यात सीटी करा, गरज पडली तर भूल देऊन तुकडा काढू. तुकडा काढल्याने जखम चिघळू शकते, हेही त्यांनी लपवलं नाही.

या धास्तीवरच ज्यांचं दुकान चालतं, ते लोक पेशंटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टपलेले असतात. "काका, तुकडा काढू देऊ नका, कॅन्सर पसरेल. रेडिएशनच्या जखमेवर ऑक्सिजन चेंबर, मोठ्या हॉस्पिटलातही हेच देतात." सुरी टळतेय म्हटल्यावर बाबांनी फोनवरच होकार दिला. ४० सिटिंगचं पॅकेज, सगळे पैसे आगाऊ.

हायपरबेरिक ऑक्सिजन हा उपचार खरा आहे. म्हणून तर लोक गळाला लागतात. त्यात कडक भिंतींच्या चेंबरमध्ये हवेच्या साधारण २ ते २.४ पट दाबाखाली दीडेक तास शुद्ध ऑक्सिजन देतात. आधी छातीचा एक्स-रे आणि कान तपासतात, कारण फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असेल तर तो दाब जिवावर बेतू शकतो. आगीच्या भीतीने मोबाईल, तेल, क्रीम काही आत नेऊ देत नाहीत, कपडेही सुती.

आम्हाला दाखवलं ते चेन लावायचं, फुगवायचं एक पोतडं. बाजूला हवेचा पंप आणि घरी भाड्याने मिळतो तसला ऑक्सिजनचा कॉन्सन्ट्रेटर. डॉक्टर नाही, एक्स-रे कुणी मागितला नाही, आणि बाबा आत पडून मोबाईलवर कीर्तन ऐकत होते! दाबाच्या काट्यावर आकडा ४ पीएसआय (पीएसआय हे दाबाचं माप). काटा बाहेरच्या हवेहून जास्तीचा दाब तेवढा दाखवतो. बाहेरच्या हवेचा दाब १४.७ पीएसआय असतो, म्हणजे आत जेमतेम १.२७ पट. २.४ पट दाबाला हाच काटा वीसच्या पुढे दिसायला हवा. अशा पोतड्यांना अमेरिकेत मंजुरी आहे ती उंच डोंगरावर होणाऱ्या त्रासासाठी.

बाबांचा श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला, तेव्हा सेंटरवाली बाई म्हणाली, "विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत, सिटिंग चुकवू नका." तोंडाचा वास, ताप, श्वास अडणं या कूर्चा सडण्याच्या शेवटच्या पायरीच्या खुणा आहेत. ज्याला आडवं झोपवायचीही भीती वाटावी, अशा माणसाला तिने पुढच्या वेळेचं कार्ड दिलं.

त्याच रात्री हॉस्पिटलमध्ये बाबांच्या गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवावी लागली. सीटीत थायरॉईड कूर्चेचे, म्हणजे स्वरयंत्राच्या पुढच्या ढालीचे, तुकडे झालेले आणि भोवती हवेचे बुडबुडे. भूल देऊन खोलवरून तुकडे काढले, त्यांत कॅन्सर निघाला नाही. तरी डॉक्टर म्हणाले, तुकड्यांत सापडला नाही म्हणजे नाहीच असं नसतं, नजर ठेवावी लागेल. मग शिरेतून अँटिबायोटिक, नाकातून नळीने जेवण. खऱ्या चेंबरचे सिटिंग नंतर झाले. त्याने काहींना गुण येतो, पुरावा फार भक्कम नाही, आणि याने भागलं नाही तर पूर्ण स्वरयंत्र काढावं लागेल, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. सूज उतरली, पण नळी अजून गळ्यातच आहे.

पैसे मागायला गेलो तर पावतीवर "वेलनेस थेरपी, ना-परतावा". उपचार हा शब्दच नाही, त्यामुळे मेडिक्लेमही नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर पावती, चॅट आणि काट्याचा फोटो जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाईन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आमची तक्रार दाखल झाली आहे. सेंटरवाल्यांचं म्हणणं आलंय की आम्ही उपचार देतो असं कधी म्हटलंच नव्हतं, आणि त्याला उत्तर म्हणून ग्रुपवरचे ते मेसेज आम्ही जोडले आहेत.