शिलेदार पूर्वजाचा शोध: आधी त्र्यंबकची वही की पुण्याचं दफ्तर?

"आपला मूळ पुरुष बाहेरून आला, पडीक जमीन मोडून गावात वसला, आणि दसरा झाला की स्वतःचा घोडा घेऊन शिलेदार म्हणून मोहिमेवर जायचा" असं ज्यांच्या घरात सांगतात त्यांच्यासाठी हे लिहितोय. फेरफार, गाव नमुना 14 वगैरे तुम्ही कुणबी नोंदींच्या निमित्ताने आधीच पालथं घातलं असणार, आणि ते सगळं इंग्रजी अमलापाशी येऊन थांबतं हेही कळलं असेल. त्याच्या मागे जायचं तर मुख्य वाटा दोन, तीर्थोपाध्यायांच्या वह्या (यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदी, त्र्यंबकेश्वरसारख्या क्षेत्री) आणि पुणे पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर, म्हणजे पेशवाईतले सरकारी कागद. मी दोन्ही केल्यात.

दफ्तराचं मोठेपण मान्यच आहे. माणसाचं शेत आणि घोडा दोन्ही सापडले तर तिथेच सापडतील. घोडदळाच्या पथकांचे हिशेब आहेत, गावांचे हिशेब आहेत, नवीन जमीन लागवडीला आणणाऱ्याला दिलेले कौल आहेत, म्हणजे सुरुवातीला सारा कमी आणि मग वर्षावर्षाला चढता. वतनाचा तंटा झाला असेल तर करीना, म्हणजे त्या तंट्यात लिहून दिलेली हकीकत, मिळू शकतो आणि मिळाला तर सोनंच, कारण त्यात घराणं स्वतःच सांगतं की आमचा आजा कुठून आला, पाटीलकी कशी मिळाली, कोणी अडवली. फक्त रुमाल (कागदांची कापडात बांधलेली गाठोडी) आडनावाप्रमाणे लावलेले नाहीत, तुमचं गाव तेव्हा कोणत्या परगण्यात होतं ते आधी ठाऊक पाहिजे. मोडी येत नसेल तर वाचणारा मिळतो, त्याचं एवढं काही नाही.

मला जीव नकोसा झाला तो नावांनी. कागदात बऱ्याचदा आडनाव नसतंच, "राणोजी बिन सुभानजी पाटील मौजे मजकूर" एवढंच, म्हणजे सुभानजीचा मुलगा राणोजी, सदर गावचा पाटील. आणि नातवाला आजाचं नाव ठेवायची पद्धत, त्यामुळे आमच्यात राणोजीचा सुभानजी, सुभानजीचा परत राणोजी असं खालपर्यंत चालूच. आता हा राणोजी कुठला, पहिला वसलेला, घोडा बाळगणारा, की त्याचा नातू? कागद समोर, अक्षर लागलेलं, आणि तरी वंशावळीत तो कुठे बसवायचा ते कळेना. फार चिडचिड व्हायची.

ते सुटलं त्र्यंबकेश्वरला. आमच्या घराण्याचे उपाध्ये कोण हे भावकीतल्या एका आजींना ठाऊक होतं (तुम्हीही आधी म्हाताऱ्या माणसांनाच विचारा). गुरुजींनी लांबट वही काढली, गाव काढलं, आणि बोट ठेवून वाचत गेले: राणोजी, बाप सुभानजी, आजा राणोजी, भाऊ येसाजी, मुलगे अमुक तमुक, आईचं नाव, राहणार कुठले, मूळ गाव कोणतं. भाऊ दिसले की प्रश्न मिटला, कारण येसाजीचा भाऊ असलेला राणोजी एकच. शिवाय लेखाला शक होता, त्यात 78 मिळवले की सन येतो, पौष-माघ वगैरे असेल तर बहुधा 79.

वहीत मोहिमेबद्दल काही मिळणार नाही हे खरं, आणि पूर्वज यात्रेला गेलाच नसेल तर पानही नसेल. काही घराण्यांच्या वह्या उपाध्यांच्या वाटण्यांत इकडे तिकडे गेल्यात असंही ऐकतो. ज्यांच्याकडे घरातच सनद किंवा वतनाचा कागद आहे त्यांनी कदाचित थेट पुण्यालाच जावं. पण बाकीच्यांना मी म्हणेन आधी वही, भावांची नावं उतरवून घ्या आणि ती घेऊन दफ्तरात बसा. आणि 2027 च्या सिंहस्थाच्या गर्दीत जाऊ नका, गुरुजींना मान वर करायला सवड नसेल.